पडून असलेलं वाद्य विलावूडच्या फाटकाआत पोचवायचं तर

सिडनीत मी पेटी आणि तबला शिकवते. मुलं मोठी होतात, शिकणं सुटतं आणि आईवडील वाद्य माझ्या दारात आणून ठेवतात. "ताई, कुणाला तरी उपयोगी पडेल." त्यातली चांगली वाद्यं मी विलावूडच्या इमिग्रेशन डिटेन्शन सेंटरमधल्या लोकांसाठी पाठवते. तुमच्याकडेही कोपऱ्यात गिटार किंवा कीबोर्ड धूळ खात असेल, तर ते तिथे कसं पोचवायचं ते सांगते.

आत कोण आहे ते आधी लक्षात घ्या. ऑस्ट्रेलियात 1992 पासून व्हिसा नसलेल्याला स्थानबद्ध करणं कायद्याने सक्तीचं आहे, मग तो जीव वाचवून आश्रय मागायला आलेला का असेना. शिक्षा झालेल्या कैद्याला सुटकेची तारीख माहीत असते, यांना नसते. नोव्हेंबर 2023 मध्ये हायकोर्टाने ठरवलं की ज्याला नजीकच्या काळात परत पाठवणं शक्यच नाही त्याला असं बेमुदत ठेवता येणार नाही. पण ज्यांच्या अर्जांचा निकाल लागलेला नाही ते वाट बघतच असतात. अशा रिकाम्या, न संपणाऱ्या दुपारी हातात वाद्य असणं काय असतं हे वाजवणाऱ्याला सांगावं लागत नाही.

पहिलं काम परवानगीचं. वाद्य गाडीत घालून थेट फाटकावर जाऊ नका. आत जाणारी प्रत्येक वस्तू तपासली जाते आणि काय चालेल हे तिथले अधिकारी ठरवतात. इराणातून आलेले कुर्दी कलाकार मुस्तफा अझीमीताबार यांना स्थानबद्धतेत रंग मिळेनात, तेव्हा त्यांनी कॉफी आणि टूथब्रश घेऊन चित्रं काढली. सुटकेनंतर टूथब्रशनेच रंगवलेलं त्यांचं स्वतःचं चित्र 2022 मध्ये आर्चिबाल्ड या ऑस्ट्रेलियातल्या नामांकित व्यक्तिचित्र पुरस्काराच्या अंतिम फेरीत पोचलं. रंगांची ही गत, तर तारा लावलेल्या लाकडी खोक्याबद्दल प्रश्न येणारच. म्हणून तिथे नियमित भेटीला जाणाऱ्या एखाद्या गटामार्फत किंवा धर्मगुरूंमार्फत विचारा. वाद्याचा प्रकार, मेक, फोटो आणि ते कुणासाठी आहे हे ईमेलने कळवा, होकार लेखी घ्या आणि त्याची छापील प्रत सोबत ठेवा. तोंडी "हो" म्हणणारा माणूस त्या दिवशी कामावर असेलच असं नाही.

आता वाद्य निवडायचं कसं? माझा नियम एकच: जे आत दुरुस्त होऊ शकत नाही ते मोडक्या अवस्थेत द्यायचं नाही. आत ना दुकान, ना कारागीर, ना पकड. बाहेर दहा मिनिटांचं असलेलं काम तिथे कधीच होत नाही.

गिटार सर्वांत उपयोगी, आणि त्यातही नायलॉनच्या तारांची. बोटं सोलत नाहीत, आवाज मऊ असतो म्हणून शेजारच्या खोलीला त्रास नाही, आणि पोलादी तारेवर जी हरकत येऊ शकते ती इथे सहसा येत नाही. मात्र नायलॉनसाठी बनवलेल्या गिटारला पोलादी तारा कधीही चढवू नका. पोलादी तारांच्या सेटचा ताण साधारण 70 किलोपर्यंत जातो, नायलॉनचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. घोडी, म्हणजे तारा जिथे बांधतात ती लाकडी पट्टी, उखडून येते. देण्याआधी दांडी वाकलीय का ते बघा. बाराव्या पडद्यावर (फ्रेटवर) तार चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त उंच असेल तर नवशिक्याला दाबणंच जमत नाही. खुंट्या फिरवून बघा. जुन्या तारा काढून नव्या लावा, त्या बसेपर्यंत दोन-तीन दिवस सुरात ठेवा, तारांची टोकं बाहेरच कापून टाका. एक जादा सेट द्या. सूर जुळवायचा ट्यूनर नसला तरी चालतं, अनेकांकडे फोन असतो, त्यावर ते काम होतं.

युकुलेली छोटी, चार तारांची, आठवड्यात गाणं वाजवता येतं. ज्याने कधीच काही वाजवलेलं नाही त्याला मी तीच देते.

कीबोर्डाला हेडफोनची जागा हवीच. अॅडॉप्टर मूळचा असावा, आणि विजेच्या वस्तूची तपासणी करून टॅग लावून मागतात का ते आधीच विचारून घ्या. काही कीबोर्डांत एखादा सूर पाव स्वराने खाली सरकवण्याची सोय असते. इराणी किंवा अरबी गाणी वाजवणाऱ्याला ती सोय फार मोलाची, कारण त्यांचे काही सूर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे पडतात. असा कीबोर्ड असेल तर मॅन्युअल छापून सोबत द्या.

तबला मात्र मी पाठवत नाही, जीव तुटतो तरी. सुरात ठेवायला हातोडी लागते आणि हातोडी आत जाऊ देतील अशी अपेक्षा धरू नये. त्याऐवजी काहोन, म्हणजे बसून वाजवायची लाकडी पेटी, किंवा कातड्याऐवजी सिंथेटिक पडदा असलेला डफ द्या. भारतातून ढोलकी-डफ आणून देणार असाल तर विमानतळावरच्या फॉर्मवर कातडं आणि लाकूड जाहीर करा. हार्मोनियमचा भाता भरा आणि एकही पट्टी न दाबता थांबा. लगेच बसला तर गळती आहे, आधी बुजवून घ्या. माउथ ऑर्गन वापरलेला देऊ नये.

शक्य असेल तर आधी विचारा, त्यांना काय वाजवता येतं. श्रीलंकेतला तमिळ तरुण, अफगाणिस्तानातला हजारा समाजाचा माणूस, इराणी, रोहिंग्या, प्रत्येकाचा कान वेगळा. फरहाद बंदेश हे कुर्दी कलाकार सात वर्षांहून जास्त काळ स्थानबद्ध होते आणि मूळचे गिटार बनवणारे कारागीर! आपण नवशिक्या समजून ज्याला देतो तो आपल्याहून जाणता असू शकतो.

वाद्य एका माणसाच्या नावावर द्यायचं असेल तर ते त्याच्या सामानाच्या यादीत नोंदवून घ्या. लोकांना अचानक दुसऱ्या केंद्रात, जसं पर्थजवळच्या यॉन्गा हिलला, हलवतात, आणि नोंद नसलेलं सामान मागे राहतं. गिटारला हलकी, पाठीवर अडकवता येईल अशी पिशवी द्या, आत त्याचं नाव लिहा. कीबोर्ड मात्र सर्वांच्या खोलीसाठी द्यावा.

दिल्यावर फोटो मागू नका, फेसबुकवर नाव टाकू नका. वाद्य घेणाऱ्याचे घरचे अजून मायदेशीच असतात आणि इथे दिसलेलं नाव तिथे कुणाच्या नजरेला पडेल सांगता येत नाही. "तुम्ही का पळालात?" हेही विचारू नका. तारा आहेत का, एवढं तीन महिन्यांनी त्याच गटामार्फत विचारा, आणि संपल्या असतील तर पुन्हा परवानगी घेऊन सेट पाठवा.