पंचायत राज समिती येते तेव्हा: तयारी कपाटापासून

जिल्हा परिषदांचा कारभार तपासणाऱ्या आमदारांच्या पंचायत राज समितीच्या दौऱ्याचं पत्र विधिमंडळ सचिवालयातून आलं की जिल्हा परिषदेत सगळ्यात आधी रंगाचे डबे येतात. सभागृहाच्या भिंती, आवारातल्या कुंड्या, दारावरच्या पाट्या. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेली, आधी सामान्य प्रशासन विभागात आणि नंतर वित्त विभागात. पीआरसीची, म्हणजे या समितीच्या दौऱ्याची, तयारी चार वेळा केली. नव्याने टेबल सांभाळणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की रंगाचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या आणि तुम्ही कपाट उघडा.

पत्र नीट वाचा. समितीपुढे दोन अहवाल असतात, लेखापरीक्षा पुनर्विलोकन अहवाल आणि वार्षिक प्रशासन अहवाल, आणि कोणत्या वर्षांचे ते पत्रात दिलेलं असतं. ही वर्षं बहुधा पाच-सहा वर्षांपूर्वीची निघतात. म्हणजे ज्याने बिलावर सही केली तो बदलून गेलेला, ज्याने काम मोजलं तो निवृत्त, आणि उत्तर द्यायला उभे तुम्ही. म्हणून पहिल्याच दिवशी एक तक्ता करा: परिच्छेद (म्हणजे लेखापरीक्षेतला एकेक आक्षेप) क्रमांक, विभाग, रक्कम, त्या वेळी खुर्चीवर कोण होतं आणि आज ते कुठे आहेत. मग एकेकाला फोन लावा. संकोच करू नका. एकदा पाणीपुरवठ्याच्या एका परिच्छेदात मोजमाप पुस्तिकाच (एम.बी.) सापडत नव्हती. निवृत्त होऊन तीन वर्षं झालेल्या शाखा अभियंत्यांना फोन केला, तर दुसऱ्या दिवशी ते एसटीने आले. पिशवीत त्या वर्षीची त्यांची स्वतःची डायरी होती. एम.बी. कोणत्या तारखेला, कोणाच्या ताब्यात दिली हे तिच्यात निळ्या शाईने लिहिलेलं होतं. पुस्तिका तासाभरात उपविभागाच्या कपाटात मिळाली. चहासुद्धा न घेता ते परतीच्या गाडीला गेले.

प्रत्येक परिच्छेदाची वेगळी धारिका, म्हणजे फाइल, लावा. वरती मूळ आक्षेप, त्याखाली आपलं अनुपालन (आक्षेपावरचं उत्तर), त्याखाली पुरावा आणि शेवटी लेखापरीक्षकांचा त्यावरचा शेरा. इथे मी स्वतः चुकलो आहे. पहिल्या दौऱ्याच्या वेळी अकरा परिच्छेदांपुढे मी ‘अनुपालन सादर’ असं लिहून मोकळा झालो होतो. जावक क्रमांकही घातले होते. पण अनुपालन सादर होणं आणि ते मान्य होऊन परिच्छेद वगळला जाणं यात फार अंतर आहे, आणि समितीच्या सदस्यांना ते अंतर पक्कं ठाऊक असतं. स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालयात जाऊन बसा आणि कोणता परिच्छेद खरंच निकाली निघाला ते त्यांच्या नोंदवहीशी ताडून बघा. वसुली झाली म्हणायचं असेल तर चलनाचा क्रमांक आणि तारीख हाताशी ठेवा. अग्रिमाचं, म्हणजे आगाऊ दिलेल्या रकमेचं, समायोजन झालं म्हणायचं असेल तर व्हाउचर ठेवा. ‘कार्यवाही सुरू आहे’ हे वाक्य मसुद्यात कुठेही दिसलं की खोडा आणि त्या जागी कोणत्या तारखेला काय केलं ते लिहा. काहीच केलं नसेल तर तसं लिहा, आणि दौऱ्याला दिवस शिल्लक असतील तर आजच करा. वर्षानुवर्षं पडलेल्या किती वसुल्या या पंधरा-वीस दिवसांत भरल्या गेल्या ते मी पाहिलं आहे. समितीचा खरा उपयोग मला तिथे दिसतो.

आणखी एक. २०२२मध्ये मुदत संपून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले. त्या काळातला खर्च चर्चेला असेल तर सभेचा ठराव शोधत बसू नका, प्रशासकांनी दिलेल्या मंजुरीची प्रत लावा.

समितीच्या प्रश्नावलीची उत्तरं प्रत्येक विभाग आपापली भरतो आणि घोळ तिथेच होतो. शिक्षण विभाग शिक्षकांची रिक्त पदं एक सांगतो, सामान्य प्रशासनाच्या तक्त्यात दुसराच आकडा असतो. सगळी प्रश्नावली पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच माणसाने वाचावी. प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर ‘अमुक तारखेअखेर’ लिहिलेलं असावं. स्वनिधीतले (जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातले) मागासवर्गीयांचे २० टक्के, महिला व बालकल्याणाचे १० टक्के आणि दिव्यांगांचे ५ टक्के यांचा हिशेब वेगळ्या कागदावर घ्या. तरतूद किती, खर्च किती, उरलेली रक्कम पुढच्या वर्षी कुठे गेली. हा प्रश्न हमखास येतो आणि तो यायलाच हवा, कारण हा पैसा ज्यांच्यासाठी आहे ती माणसं त्या सभागृहात नसतात.

दौरा साधारण तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी जिल्ह्यातल्या आमदारांशी चर्चा आणि लेखापरीक्षेवर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष, तिसऱ्या दिवशी प्रशासन अहवालावर साक्ष. मधल्या दिवशी समितीचे गट पाडून सदस्य तालुक्यांत जातात. पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांची साक्ष होते आणि वाटेत गाडी कुठेही थांबते. म्हणून चार गावं सजवण्यात अर्थ नाही. ग्रामपंचायतीत नमुना ५ची रोकडवही आणि बँकेचं पासबुक यांचा मेळ आजच्या तारखेपर्यंत लागलेला हवा, ग्रामसभेच्या इतिवृत्तावर सह्या हव्यात. शाळेत तांदळाची शिल्लक नोंदवहीप्रमाणे पोत्यात आहे का ते मोजून बघा आणि मुलींच्या स्वच्छतागृहात नळाला पाणी येतं का ते नळ सोडून बघा. आरोग्य केंद्रात मुदत संपलेली औषधं वेगळी काढलेली असावीत, सर्पदंशावरचं प्रतिविष आणि कुत्रा चावल्यावरची लस किती शिल्लक आहे ते औषधनिर्मात्याला तोंडपाठ असावं.

अंगणवाडीकडे मात्र जास्त वेळ द्या. एका तालुक्यात एक सदस्य अंगणवाडीच्या सतरंजीवर बसले आणि त्यांनी वजनाची नोंदवही मागितली. एका मुलीचं वजन सलग तीन महिने ९ किलो ४०० ग्रॅम. त्यांनी शेजारच्या उपकेंद्रातून काटा मागवला आणि मुलीला तिथेच बसवलं. काटा आठ किलो सहाशेवर थांबला. सेविकाबाई थरथरत होत्या. मग बाईंनी फळीवरून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत ‘वजनकाटा बंद आहे, दुरुस्त करून मिळावा’ अशा तीन अर्जांच्या प्रती होत्या, तिन्हींवर वरच्या कार्यालयाच्या पोचचा शिक्का होता. खोटी नोंद करणं चूकच, बाईंनीही ते कबूल केलं. पण त्या दुपारी प्रश्न त्यांच्यापाशी थांबला नाही, तो शिक्का मारणाऱ्या कार्यालयाला विचारला गेला. तेव्हापासून माझ्या यादीत एक ओळ कायमची आली: दौऱ्याआधी प्रत्येक सेविकेला, शिक्षकाला, परिचारिकेला विचारा की तुमच्याकडे काय बंद आहे आणि तुम्ही ते कोणाला कळवलं. उत्तर जसंच्या तसं वर पाठवा. खालच्या माणसाला गप्प राहायला सांगू नका.

आता साक्ष. समोर अध्यक्ष आणि सदस्य, बाजूला सचिवालयाचे अधिकारी, आणि प्रतिवेदक प्रत्येक शब्द टिपून घेत असतात. तिथे बोललेलं वाक्य समितीच्या नोंदीत जातं. चुकीची माहिती दिली तर हक्कभंगापर्यंत जाऊ शकतं. उत्तर साहेबांनी, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी, द्यायचं असतं, विभागप्रमुख मागे बसतात आणि चिठ्ठ्या पुढे सरकवतात. एका चिठ्ठीवर एकच आकडा, मोठ्या अक्षरात, खाली परिच्छेद क्रमांक. मी एकदा एकाच कागदावर सहा आकडे लिहून दिले आणि साहेबांनी घाईत भलताच वाचला. आठवत नसेल तेव्हा ‘अध्यक्ष महोदय, तपासून लेखी सादर करतो’ म्हणायला लाजू नका, मात्र दिलेलं प्रत्येक आश्वासन लिहून घेणारा एक माणूस मागच्या रांगेत नेमा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करू नका आणि बाहेर येऊन पत्रकारांना आत काय झालं ते सांगू नका. समितीचा अहवाल विधिमंडळात मांडला जाईपर्यंत ते कामकाज गोपनीय असतं.

जेवणाखाणासाठी कर्मचाऱ्यांकडून वर्गणी काढू नका. कुणी काढायला सांगितली तर लेखी आदेश मागा. मे २०२५मध्ये विधिमंडळाच्याच दुसऱ्या एका समितीचा, अंदाज समितीचा, दौरा धुळ्यात असताना शासकीय विश्रामगृहातल्या एका खोलीत पावणेदोन कोटींहून जास्त रोकड सापडली आणि चौकशी लागली. एका ग्रामसेवकाच्या पाचशे रुपयांपासूनसुद्धा अशा वाटेला सुरुवात होते.

समितीच्या गाड्या गेल्या की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि धारिका पुन्हा कपाटात जातात. त्या बाहेरच ठेवा. लेखी उत्तरांची मुदत त्या दिवसापासूनच धावत असते, आणि ज्या मुद्द्यांवर समितीचं समाधान झालं नाही त्यांवर मुंबईला विधान भवनात ग्रामविकास विभागाच्या सचिवांची साक्ष लागते. त्या वेळी मंत्रालयातून फोन येतो आणि दोन तासांत कागद मागतात. शेवटी प्रत्येक धारिकेच्या पहिल्या पानावर एक साधा कागद डकवा: काय विचारलं, काय उत्तर दिलं, काय द्यायचं राहिलं, मूळ कागद कोणत्या कपाटात आहे. आणि त्याच्या तळाशी स्वतःचा घरचा फोन नंबर लिहा.