संध्याकाळी तोंड चाळवलं की काय खायचं, काय प्यायचं

चटक लागली की तिच्याशी भांडत बसू नका, ती जिंकते. कुरकुरीत खायचं मन असताना तुम्ही सफरचंद कापून घेतलंत तर सफरचंदही संपतं आणि अर्ध्या तासाने वेफर्सचं पाकीटही फुटतं. त्यापेक्षा तोंडाला नेमकं काय पाहिजे ते बघा, कुरकुरीत, आंबट-तिखट, गोड की नुसतं थंडगार काहीतरी, आणि त्याच चवीचं पण पोटाला झेपेल असं आधीपासून घरात, बॅगेत, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. खाली जे सांगतोय ते सगळं वाण्याकडे मिळणारं आहे, इंपोर्टेड बिया-बिया काही नाही, आणि लोकलने जाऊन-येऊन थकलेल्या माणसाला जमेल इतपतच आहे.

आधी एक सोपी टेस्ट. भूक आहे की नुसती चटक हे कळत नसेल तर स्वतःला विचारा, आत्ता समोर वरण-भात आला तर खाईन का? हो असेल तर खरी भूक आहे, मग मूठभर चण्यांवर भागवू नका, नीट काहीतरी खा, एखादी पोळी-भाजी, उपमा, दोन उकडलेली अंडी. वरण-भात नको पण शेवपुरी चालेल असं उत्तर आलं तर ती चटक आहे, कंटाळा आहे, किंवा बॉसने डोकं खाल्लंय. तेव्हा थोडंसं पुरतं, फक्त ते चविष्ट असायला पाहिजे. आणि बऱ्याचदा तहान पण असते हां, एसीत बसून दिवसभर पाणीच प्यायलेलं नसतं, त्यामुळे आधी ग्लासभर पाणी पिऊन बघायला काय जातंय.

वडापावला शिव्या घालायला मी बसलेलो नाही. १९६६च्या आसपास दादर स्टेशनबाहेर तो सुरू झाला असं सांगतात, गिरणीतून सुटलेल्या माणसाचं ते उभ्या-उभ्या पोटभरीचं खाणं होतं. दिवसभर मागावर उभं राहणाऱ्याला ते पचायचं, आपण दिवसभर खुर्चीत आणि परत वर दोन कटिंग चहा. आठवड्यातून एखादा खा की मस्त, चटणी लावून, मिरची घेऊन, पण रोजचं संध्याकाळचं उत्तर तेच असेल तर गडबड आहे.

आता कुरकुरीत, कारण नव्वद टक्के लोकांची मारामारी इथेच असते. यावर मुंबईत सगळ्यात स्वस्त आणि भारी इलाज म्हणजे फुटाणे आणि कुरमुरे. नुसते कुरमुरे खाऊ नका, पोट भरल्यासारखं वाटतं आणि लगेच परत भूक लागते कारण त्यात बाकी काही फारसं नसतं, फुटाणे किंवा शेंगदाणे सोबत पाहिजेतच. मूठभर म्हणजे तीसेक ग्रॅम फुटाण्यांत सहाएक ग्रॅम प्रोटीन मिळतं, सालासकट खाल्ले तर फायबर पण. शेंगदाण्यात प्रोटीन थोडं जास्तच असतं पण तेलही असतं, त्यामुळे तिथे एक मूठ म्हणजे एकच मूठ, बरणी मांडीवर घेऊन सिरीयल बघत बसायचं नाही.

घरचा चिवडा मी असा करतो. पाव किलो कुरमुरे कढईत मंद गॅसवर नुसतेच भाजून घ्यायचे, तीन-चार मिनिटं, हलवत राहायचं. पावसाळ्यात तर हे न करता पुढे जाऊच नका कारण जुलैमध्ये मुंबईत कुरमुरे दुकानातूनच सादळलेले येतात. एक कुरमुरा दोन बोटांत दाबून बघायचा, चुरा झाला की झालं, दबला आणि तसाच राहिला तर अजून भाजा. ते काढून त्याच कढईत मोठे दोन चमचे तेल, त्यात आधी शेंगदाणे, ते जरा लालसर झाले की डाळवं, मग मोहरीला जागा करून ती तडतडू द्या, हिंग, मिरचीचे तुकडे आणि भरपूर कढीपत्ता. कढीपत्ता धुतला असेल तर पुसून पूर्ण कोरडा करा नाहीतर तेल तोंडावर उडतं आणि पानंही कडक होत नाहीत, चिवडा बिघडतो तो बहुतेक वेळा या ओल्या पानांमुळेच. गॅस बारीक करून हळद, मीठ, त्यावर लगेच कुरमुरे, परत दोन मिनिटं परतायचं. गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, गरम भरला की वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी सगळं वातड. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर आरामात टिकतो. पाव किलोला दोन चमचे तेल, म्हणजे फरसाणाच्या पुड्यात जेवढं तेल कागदाला लागतं त्याच्या जवळपास पण जात नाही.

मखाणे चांगले आहेत, पण साधे आणून घरी चमचाभर तुपावर भाजा. ते चीज आणि पेरीपेरीवाले पाकीटातले म्हणजे वेफर्सचेच भाऊबंद, फक्त किंमत दुप्पट. तसंच मल्टिग्रेन बिस्किटं. पाकीट उलटं करून बघा, घटकांची यादी वजनाने उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, पहिल्या तीनात मैदा, साखर आणि पामतेल असलं तर पुढे कितीही ओट्सची चित्रं काढलेली असू देत, परत रॅकवर ठेवून द्या.

आंबट-तिखटाची चटक असेल तर मटकी. रात्री भिजत घाला, सकाळी उपसून फडक्यात बांधून ठेवा, मुंबईच्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत मोड दिसायला लागतात, थंडीत अजून एक रात्र. मोड आले की पाच मिनिटं वाफवून घ्या. कच्चे स्प्राऊट्स खायची फॅशन आहे पण पोटाला जड पडतात आणि पावसाळ्यात तर कच्चं नकोच. ही वाफवलेली मटकी फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहते, पाहिजे तेव्हा वाटीभर काढायची, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू, चाट मसाला, सीझन असेल तर कैरीचे बारीक तुकडे, आणि अगदी खायच्या वेळी वरून मूठभर कुरमुरे. ही भेळच आहे, फक्त शेव आणि गोड चटणीवर हात आखडता घेतलाय. शेव थोडी पाहिजेच असेल तर घाला हो, चमचाभर शेवेने काही होत नाही.

बाहेर असाल तर कणीस. कोळशावर भाजलेलं, लिंबाला तिखट-मीठ लावून चोळलेलं. त्याच्याच शेजारी ते बटर-मसाल्याचं स्वीट कॉर्न कपात मिळतं, ते नको. ओल्या शेंगा उकडलेल्या मिळाल्या तर सोडू नका, पावसात त्यासारखं सुख नाही.

गोडाबद्दल जरा कडक बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने दिवसभरात वरून घातलेली साखर साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, म्हणजे सहा छोटे चमचे. दोन-दोन चमच्यांचे तीन चहा झाले की कोटा तिथेच संपला, बिस्कीट तर अजून बुडवलंच नाही. ३०० मिलीच्या कोलात तर एका झटक्यात तीसेक ग्रॅम जाते. आणि गूळ घातला म्हणून हेल्दी झालं हा गैरसमज डोक्यातून काढा, गूळ, मध, खडीसाखर, शरीराच्या दृष्टीने सगळी साखरच, थोडंफार लोह-बिह मिळतं पण त्यासाठी वाटीभर गूळ खायला लागेल. त्यामुळे राजगिऱ्याचा लाडू, चिक्की चांगलीच आहे पण एक वडी.

गोडाची चटक भागवायला फळ सगळ्यात बरं, आणि मुंबईच्या आसपास काय कमी आहे का. डहाणू-घोलवडचे चिकू, उन्हाळ्यात वसई-विरारकडून येणारे ताडगोळे, जांभळं, करवंदं. वसईची सुकेळी खाल्ली नसतील तर शोधून खा, राजेळी केळी उन्हात वाळवून करतात, साखर अजिबात घालत नाहीत तरी इतकी गोड लागतात की दोन तुकड्यांत मन भरतं. फळाचा ज्यूस मात्र करू नका, चावून खा, ज्यूसमध्ये चार संत्री कधी पोटात गेली ते कळत पण नाही.

घरी काही करून ठेवायचं असेल तर खजूर-शेंगदाण्याचे लाडू. वाटीभर शेंगदाणे खमंग भाजून सालं काढायची, दहा-बारा बिनबियांचे मऊ खजूर, चिमूटभर मीठ, वेलची. मिक्सर थांबवत-थांबवत फिरवायचा, सलग फिरवला तर दाण्याचं लोणी होतं. दाण्याला तेल सुटतं तेवढ्यावर लाडू वळतो, तूप लागत नाही, साखर लागत नाही. लिंबाएवढे छोटे वळा, एक खाल्ला की चहात साखर नको वाटते. डायबेटिस असेल तर खजुराचं पण मोजूनमापून, डॉक्टरांना विचारून.

आता प्यायचं. माझं स्पष्ट मत आहे की या शहरात कोकम आणि ताक असताना कोल्डड्रिंक प्यायची गरजच नाही. बाजारातलं तयार कोकम सरबत म्हणजे निम्म्याहून जास्त साखरेचा पाक असतो, त्याऐवजी आमसुलं आणा. सात-आठ आमसुलं ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा तास टाकायची, हाताने चांगली कोळायची, रंग गडद उतरला की गाळून त्यात जिरेपूड, चिमूटभर मीठ, वाटलं तर चमचाभर साखर, आणि अजून दोन ग्लास गार पाणी. आमसुलं कधीकधी मिठातली असतात, म्हणून मीठ चव बघूनच. त्यातच नारळाचं दूध, लसूण, मिरची घातली की सोलकढी, पण ती जेवणाबरोबर, कारण नारळाचं दूध म्हणजे हलकं पेय नाही.

ताकाचा हिशोब सोपा आहे, वाटीभर दह्याला तीन वाट्या पाणी, घुसळून, जिरं, आलं, कोथिंबीर, मीठ बेताचं. पाकीटातल्या मसाला ताकात मीठ बरंच असतं, बीपीवाल्यांनी तिकडे लक्ष द्या. पोटभरीचं काही पाहिजे असेल तर नाचणीचं आंबील. मोठे दोन चमचे नाचणीचं पीठ अर्धी वाटी पाण्यात रात्रभर भिजवायचं, सकाळी जरासं आंबलेलं असतं, ते दोन वाट्या उकळत्या पाण्यात ओतायचं आणि ओतताना हात थांबवायचा नाही, गुठळी झाली की ती काही मोडत नाही. पाच-सात मिनिटांत चकाकी येते, मग गॅस बंद. गार झाल्यावर ताक, मीठ, ठेचलेली लसूण. १०० ग्रॅम नाचणीत तीनशेच्या वर मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, आणि मुख्य म्हणजे अकरा वाजता हे प्यायलं की जेवणापर्यंत काही आठवत नाही.

चहा सोडा असं मी कोणाला सांगणार नाही, मलाच जमणार नाही. पण आयसीएमआर म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर चहा-कॉफी टाळा असं म्हटलंय कारण त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. बायकांमध्ये लोहाची कमतरता आधीच खूप, त्यामुळे जेवल्या-जेवल्या कटिंग मारायची सवय तेवढी बदला. आणि मुलांना देतो त्या माल्टच्या पावडरी, त्यांच्यात साखर किती ते डब्यावर वाचा. एफएसएसएआय म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२४च्या एप्रिलमध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की असली पेयं हेल्थ ड्रिंकच्या नावाखाली दाखवू नका, कारण कायद्यात तशी काही व्याख्याच नाही. शहाळं मस्तच, फक्त किडनीचा त्रास असणाऱ्यांनी विचारून घ्या, त्यात पोटॅशियम बरंच असतं.

पावसाळ्यात रस्त्यावरचा बर्फ, कापून ठेवलेली फळं, उघडं सरबत हे सगळं बंद, गॅस्ट्रो आणि कावीळ याच दिवसांत वाढते. शहाळं समोर फोडून घ्या, कणीस समोर भाजून घ्या.

ट्रेनसाठी वेगळा विचार करा. विरार फास्टमध्ये तिघांच्या बाकावर चौथा म्हणून टेकून, एक हात वर धरून खाता आलं पाहिजे, म्हणजे मटकी बाद, ताक तर बादच. फुटाणे, लाडू, केळं, सुकेळी. छोटी डबी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, तळाशी ठेवलीत तर गर्दीत बॅग पुढे घेऊन हात घालणार कसे, शेवटी उतरून स्टेशनबाहेरच्या गाडीवरच जाल. स्टेशनवर उतरताना पोटात थोडं काहीतरी असलं की त्या तळणाच्या वासाचा जोर निम्मा होतो.

रात्री साडेदहाला मोबाइल हातात असताना जी चटक लागते तिला खरंतर झोप पाहिजे असते. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूक आणि गोड खायची इच्छा दोन्ही वाढतात. फारच वाटलं तर कपभर गरम दूध हळद घालून, नाहीतर सरळ दात घासून टाका, पेस्टची चव तोंडात असताना आईस्क्रीमची ऑर्डर टाकायला मन होत नाही.

आणि चिवडा ऑफिसात नेणार असाल तर डबा दुप्पट भरा, झाकण उघडल्याबरोबर शेजारचे चार हात आत येतात आणि तुमच्या वाट्याला तळाचा कढीपत्ता राहतो.