चालकाविना ट्रॅक्टरला वाफसा कसा कळवायचा

वाफसा म्हणजे जमीन काम करण्याजोगी ओलसर असणं; पण कॅमेरा आणि लायडारला (लेसरने अंतर मोजणाऱ्या यंत्राला) जमिनीची फक्त कातडी दिसते. पाऊस उघडून दोन दिवस ऊन पडलं की बैलहोंगलकडच्या काळ्या रानात वर खपली धरते, पण खाली माती लोण्यासारखी असते. मंगळावरची स्पिरिट गाडी २००९ मध्ये अशाच खपलीतून खाली जाऊन रुतली. खानापूरच्या भातखाचरात नेमकं उलट असतं. वर चिखल, आणि दरवर्षीच्या चिखलणीने खाली घट्ट थर बसलेला. चाक त्या थरावर टेकून पुढे सरकतं. म्हणून गाडीला जमिनीच्या घट्टपणाचा सरासरी आकडा कधीच देऊ नका, खोलीवार द्या.

त्यासाठी जमिनीत दाबायला लेथवर ३० अंशांच्या टोकाचा शंकू करून घ्या. तळाचा व्यास २०.२७ मिमी, दांडा १५.९ मिमी. दांडा जाड असला तर चिकण माती त्याला घासते आणि आकडा फुगतो. वर वजन मोजणारा लोडसेल बसवा. सेकंदाला ३ सेंमी वेगाने दाबत दर ५ सेंमीला नोंद घ्या, ३० सेंमीपर्यंत. या शंकूवर १ किलोचा भार म्हणजे सुमारे ३० किलोपास्कल. चाकाच्या गाडीसाठी १५ ते ३० सेंमीचा पट्टा जास्त महत्त्वाचा. एका जागी किमान पाच वेळा दाबून मधला आकडा धरा. जांभ्याचा खडा लागला की आकडा एकदम उडतो, ती नोंद टाकून द्या.

ओली चिकण माती तुडवली की आणखी ढिली पडते. गाडी एकदा नेऊन त्याच चाकोरीत पुन्हा शंकू दाबा. ४०० किलोपास्कलचे २४० झाले, तर गाडीला द्यायच्या रानाच्या नकाशात २४० च लिहा. ही पायरी गाळली की पहिली फेरी निभते आणि तिसऱ्या फेरीला गाडी बसते.

चालताना चाकाची घसर मोजत राहा: १ − (खरा वेग ÷ चाकाचा वेग). आधी डांबरी रस्त्यावर चाकाचे १० फेरे मोजा आणि कापलेलं अंतर ६२.८ ने भागा, म्हणजे खरी त्रिज्या मिळते. चाकाचा वेग सेकंदाला १.४ मीटर आणि आरटीके जीपीएसचा (काही सेंमीपर्यंत अचूक जागा सांगणाऱ्या जीपीएसचा) १.०५ आला, तर घसर २५ टक्के. हे फक्त ओढणाऱ्या चाकांवर आणि सरळ चालीतच मोजा; वळणावर आतलं-बाहेरचं चाक वेगळं फिरतं. टायरला काळी माती लगडली की त्रिज्याही बदलते.

सुरुवातीला घसर १५ टक्क्यांपर्यंत जाऊ द्या, २० ला अवजार उचला, ३० ला थांबवा. थांबल्यावर रेस वाढवू नका, वळवूही नका. आलेल्या चाकोरीनेच मागे घ्या.