सुरकुत्यांवरचे इंजेक्शन घेण्यापूर्वी

चेहऱ्यावरील सुरकुत्यांसाठी इंजेक्शन घेण्याचा विचार असेल, तर डॉक्टरांकडे जाण्याआधी चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहावे. आधी चेहरा पूर्ण सैल सोडून पाहावे; मग भुवया उंचवाव्यात, कपाळाला आठ्या घालाव्यात, डोळे बारीक करून हसावे. हालचालीबरोबर उमटणाऱ्या आणि ती थांबताच विरणाऱ्या रेषा स्नायूंच्या आकुंचनामुळे पडतात. चेहरा स्थिर असतानाही दिसणाऱ्या घड्यांमागे मात्र त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन हे प्रथिन कमी होणे, त्वचेखालच्या चरबीचा आधार घटणे आणि वर्षानुवर्षे लागलेले ऊन अशी कारणे एकत्र आलेली असतात. कोणते इंजेक्शन उपयोगी पडेल ते यावर ठरते, आणि माझ्या मते बरीचशी निराशा हा फरक न कळल्यामुळेच पदरी येते.

पहिल्या प्रकारच्या रेषांसाठी बोटुलिनम टॉक्सिन, म्हणजे बोलीभाषेत बोटॉक्स, वापरतात. बोटॉक्स हे खरे तर एका कंपनीच्या उत्पादनाचे नाव आहे. मज्जातंतूंच्या टोकांतून स्नायूला आकुंचनाचा निरोप देणारे ॲसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडू न देणे, एवढेच त्याचे काम. त्यामुळे स्नायू सैलावतो आणि वरच्या त्वचेला घडी पडत नाही. परिणाम तीन-चार दिवसांत जाणवू लागतो, साधारण दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन ते चार महिन्यांत ओसरतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2002 मध्ये भुवयांमधल्या रेषांसाठी त्याला मान्यता दिली. तेथे बोटॉक्सची नेहमीची मात्रा 20 युनिट असून ती पाच ठिकाणी विभागून देतात. डिस्पोर्ट या दुसऱ्या उत्पादनाची त्याच जागेची मात्रा 50 युनिट आहे. दोन्हींचे युनिट सारखे नसते, म्हणून निव्वळ युनिटच्या आकड्यावरून दोन दवाखान्यांची तुलना करू नये.

स्थिर घड्या आणि खोलगट भाग यांसाठी फिलर असतात. त्यांपैकी हायलुरोनिक ॲसिडचे फिलर सर्वाधिक वापरात आहेत. हा जेल घडीखाली भर घालतो आणि जागा व उत्पादन यांनुसार सुमारे सहा ते अठरा महिने टिकतो. हायलुरोनिडेझ हे विकर टोचून तो विरघळवता येतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. पहिल्यांदाच फिलर घेणाऱ्याने कायमस्वरूपी फिलरच्या वाटेला जाऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

फिलरचा गंभीर धोका म्हणजे जेल रक्तवाहिनीत जाणे किंवा तिच्यावर दाब येणे. टोचल्यावर त्वचा अचानक पांढरीफटक पडली, तिच्यावर जाळीसारखे जांभळट डाग उमटले, वेदना वाढत गेली किंवा दिसायला कमी झाले, तर सूज समजून घरी थांबू नये. रक्तपुरवठा लगेच सुरळीत झाला नाही, तर त्वचा मरू शकते आणि क्वचित दृष्टी कायमची जाते. नाक, भुवयांमधली जागा आणि कपाळ येथे हा धोका अधिक असतो. म्हणूनच हायलुरोनिडेझ हाताशी आहे का, हे टोचणाऱ्याला आधीच विचारावे; या प्रश्नाने नाराज होणाऱ्याकडे उपचार घेऊ नयेत.

बोटॉक्सनंतर काही काळ पापणी किंवा भुवई खाली ओघळू शकते. औषधाचा परिणाम ओसरला की हे बरे होते. परंतु गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. गर्भारपणात व स्तनपानाच्या काळात ही इंजेक्शने टाळतात. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असल्यास बोटॉक्स टाळावे, आणि टोचायच्या जागी संसर्ग असल्यास तो बरा होईपर्यंत थांबावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना सांगावी, स्वतःहून बंद करू नये.

इंजेक्शन पात्रताधारक डॉक्टरांकडूनच घ्यावे. कुपी आपल्यासमोर उघडायला सांगावी, तिच्यावरचे नाव, बॅच क्रमांक व मुदत वाचावी आणि तो तपशील लिहून मागावा. बोटॉक्स घेतल्यावर त्या दिवशी ती जागा चोळू नये, काही तास आडवे होऊ नये, जड व्यायाम टाळावा. दोन्ही बाजूंत फरक वाटला तरी चौथ्या-पाचव्या दिवशी आणखी औषध मागू नये. पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, त्यानंतरच दाखवायला जावे.