चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर एकच ट्रॅक दबका वाजत असेल तर

चौथा ट्रॅक, म्हणजे टेपवरची आवाजाची चौथी पट्टी, दबका वाजू लागल्यास दोष यंत्रात आहे की टेपमध्ये, हे ठरवण्यासाठी कॅसेट उलटी घालून वाजवावी. असा रेकॉर्डर चारही ट्रॅक एकाच दिशेने मुद्रित करतो, म्हणून आवाज उलटा येईल, पण चौथ्या ट्रॅकवरचे मुद्रण आता यंत्राच्या पहिल्या चॅनेलवर (ट्रॅक वाजवणाऱ्या मार्गावर) असेल. दबकेपणा चौथ्या चॅनेलवरच राहिला, तर बहुधा हेड (टेप ज्यावरून सरकते तो आवाज वाचणारा भाग) मळलेले असते; ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने ते पुसावे आणि पूर्ण सुकल्यावरच कॅसेट घालावी. दबकेपणा पहिल्या चॅनेलवर सरकला, तर टेपची कड खराब झालेली असते किंवा मुद्रणच तसे झालेले असते. मग हेड कितीही पुसले तरी फरक पडत नाही.

उलट्या कॅसेटवर चुकून रेकॉर्ड सुरू झाल्यास मूळ मुद्रण पुसले जाते, म्हणून चारही रेकॉर्ड-स्विच आधी बंद करावेत.