पीपीओवर रँक चुकली असेल तर: रेकॉर्ड ऑफिसात काय, कसं मागायचं

पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश (पेन्शन पेमेंट ऑर्डर), हातात आला की माणूस आधी रक्कम बघतो. मग कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटात. रँकचा रकाना वाचायचा राहूनच जातो, आणि हवालदाराच्या जागी नायक छापलंय हे कित्येक वर्षांनी उघडकीला येतं. बहुतेकांना ते कळतं ओआरओपीच्या, म्हणजे ‘वन रँक वन पेन्शन’च्या वेळी. १ जुलै २०१४ पासून पेन्शन रँक आणि सेवेची वर्षं यांवर ठरू लागली, २०१९ आणि २०२४ ला पुन्हा फेररचना झाली. बरोबरीनं निवृत्त झालेल्या हवालदाराला जास्त आणि आपल्याला कमी का, या प्रश्नावरून जुना पीपीओ बाहेर निघतो.

मी सैन्यात क्लार्क होतो. पार्ट टू ऑर्डर (बढतीसारखे बदल नोंदवणारा युनिटचा आदेश) टाइप करण्यात आणि शीट रोल (जवानाच्या सेवेचं नोंदपत्रक) तपासण्यात नोकरीचा मोठा भाग गेला. आता गावाकडची आणि आसपासची मंडळी फायली घेऊन येतात. नुकतेच पेन्शनवर आलेले जवान आणि वडिलांचं काम अंगावर घेतलेली मुलं-सुना यांच्यासाठी हे लिहितोय. उमेदीची वर्षं देऊन मिळवलेला हुद्दा कागदावर खाली राहावा, हे मला बघवत नाही.

अर्ज लिहायला बसण्याआधी एक गोष्ट शांतपणे तपासा: रँक खरंच चुकली आहे का? माझ्याकडे येणाऱ्या फायलींमध्ये गैरसमजाचं सगळ्यात मोठं कारण एमएसीपी (पदोन्नतीशिवाय पगारवाढ देणारी योजना) हेच असतं. आठ, सोळा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर पदोन्नती नसली तरी पगार वरच्या टप्प्यात जातो. पगार हवालदाराचा मिळाला म्हणून माणूस स्वतःला हवालदार समजतो, पण एमएसीपीनं रँक बदलत नाही. रेकॉर्डमध्ये तो नायकच असतो आणि ती नोंद बरोबर असते. असा अर्ज पाठवला तर नकार येणार, आणि त्या नकारानं घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जो मनस्ताप होतो तो मी पाहिला आहे. म्हणून हे आधी स्पष्ट सांगतो.

दुसरा गोंधळ मानद रँकचा. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या याद्यांमधून मानद हुद्दे जाहीर होतात. निवृत्तीच्या वेळी हवालदाराला मानद नायब सुभेदार मिळाला, तर १ जानेवारी २००६ पासून पेन्शन नायब सुभेदाराच्या हिशेबानं धरली जाते. सरकारनं तसा आदेश २००९ मध्ये काढला. म्हणजे इथे मागणी फक्त नावाआधीच्या शब्दाची नाही, पैशांचीही आहे.

जुन्या पीपीओवर रँकचे दोन रकाने दिसतात, शेवटची रँक आणि पेन्शनसाठी धरलेली रँक. पूर्वी शेवटचे सलग दहा महिने जी रँक असेल तीच पेन्शनला धरत. निवृत्तीच्या तोंडावर पदोन्नती मिळालेल्यांच्या बाबतीत हे दोन रकाने वेगळे दिसतात आणि ते त्या वेळच्या नियमाला धरून असतं. डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर, जिथे माजी सैनिकांना पुन्हा घेतात) दुसरी नोकरी केलेल्यांनी तर दोन्ही पीपीओ समोर ठेवावेत. पहिल्या नोकरीतला हवालदार तिथे बहुधा पुन्हा शिपाई म्हणून लागतो, त्यामुळे दोन वेगळ्या रँक असूनही दोन्ही खऱ्या असू शकतात.

एवढं तपासूनही चूक दिसत असेल तर ती कुठे झाली ते शोधायचं. सैन्यात बढती झाली की युनिट पार्ट टू ऑर्डर काढतं, ती रेकॉर्ड ऑफिसला (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) जाते आणि तिथे शीट रोलवर नोंद होते. निवृत्तीची वेळ आली की रेकॉर्ड ऑफिस एलपीसी-कम-डेटा शीट (शेवटच्या पगाराचा आणि सेवेचा तपशील) तयार करून प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन) या संरक्षण लेखा कार्यालयाकडे पाठवतं आणि तिथून पीपीओ निघतो. पेन्शनची कागदपत्रं कित्येक महिने आधीच सुरू होतात. मधल्या काळात पदोन्नती झाली, युनिट फील्डमध्ये असल्यानं ऑर्डर उशिरा निघाली, तर डेटा शीट जुन्याच रँकची जाते. डिस्चार्ज बुकात हवालदार आणि पीपीओत नायक, अशी विसंगती बऱ्याचदा यातूनच येते.

तेव्हा सगळं काम त्या एका पार्ट टू ऑर्डरवर उभं आहे. तिचा क्रमांक, ती निघाल्याची तारीख आणि पदोन्नती लागू झाल्याची तारीख, या तीन गोष्टी हव्यात. शेवटच्या दोन तारखा वेगळ्या असू शकतात आणि पेन्शनला लागू झाल्याची तारीखच महत्त्वाची. तहसीलबाहेर स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणणारे बरेच भेटतात. नाव किंवा जन्मतारखेच्या कामात त्याचा उपयोग होतो, रँकच्या कामात नाही. फीत लावलेला वर्दीतला फोटोही पुरावा होत नाही. रँक सैन्यानं दिलेली असते, तेव्हा पुरावाही सैन्याच्याच कागदातून यावा लागतो.

तो कागद जवळ नसेल तर माहिती अधिकारात मागा. केंद्राच्या नियमाप्रमाणे फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘माझी रँक काय आहे’ असं मोघम विचारू नका. ‘माझ्या शीट रोलची आणि पदोन्नतीच्या सर्व पार्ट टू ऑर्डरची प्रमाणित प्रत द्यावी’ असं लिहा. पदोन्नती नंतर रद्द झाली असेल तर त्या आदेशाची प्रतही मागा. ते आधी आपल्याला कळलेलं बरं.

अर्ज आपापल्या रेकॉर्ड ऑफिसलाच जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला. हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला आहे, नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दला. हे सैनिक आणि जेसीओंबद्दल (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) झालं. अधिकाऱ्यांची व्यवस्था निराळी आहे.

अर्ज एका पानाचा ठेवा, हिंदीत किंवा इंग्रजीत. सुरुवातीलाच आर्मी नंबर, नाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ नंबर. मग सरळ मागणी: अमुक पार्ट टू ऑर्डरप्रमाणे अमुक तारखेपासून मी हवालदार आहे, पीपीओत नायक नोंद आहे, तरी कॉरिजेंडम (दुरुस्तीचा) पीपीओ काढावा. किती लढाया केल्या, घरची परिस्थिती कशी आहे, हे त्यात नको. टेबलवरचा क्लार्क नंबर आणि ऑर्डर शोधत असतो. सोबत प्रती स्वतः साक्षांकित करून जोडा. मूळ डिस्चार्ज बुक पोस्टानं कधीही पाठवू नका. स्पीड पोस्टची पावती जपा आणि एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या. त्यांच्या पत्रासोबत गेलेल्या अर्जाकडे लक्ष लवकर जातं, असा माझा अनुभव आहे.

कधी पीपीओ बरोबर असतो आणि फक्त स्पर्शवर (संरक्षण पेन्शनची ऑनलाइन प्रणाली) रँक चुकलेली दिसते. ही चूक जुना डेटा नव्या प्रणालीत नेताना झालेली असते. पीपीओची प्रत जोडून स्पर्शवरच तक्रार नोंदवा.

उत्तर आलंच नाही तर सीपीग्राम्सवर (केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल) तक्रार करा, आणि अर्जाला सहा महिने होऊनही निर्णय नसेल तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचं एक पीठ मुंबईत आहे. इथे थकबाकीची गोष्ट नीट समजून घ्या. पेन्शनची चूक दर महिन्याला नव्यानं होते असं धरून उशिरा आलेला दावाही ऐकला जातो, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर अशा दाव्यात थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. वीस वर्षं गप्प बसलेल्या माणसाचे सतरा वर्षांचे पैसे गेले, म्हणून चूक दिसली त्याच आठवड्यात अर्ज टाका.

जवान हयात नसेल तर त्याच्या पत्नीनं स्वतःच्या नावानं अर्ज करावा. कुटुंब निवृत्तिवेतनही त्याच रँकच्या हिशेबानं ठरतं. बऱ्याच वहिनी ‘आता ते गेले, रँक बदलून काय करायचं’ म्हणतात. त्यांना मी दोन्ही रँकचे ओआरओपीच्या तक्त्यातले आकडे शेजारी शेजारी दाखवतो.

कॉरिजेंडम पीपीओ आला की नव्या रँकप्रमाणे रक्कम लागली का आणि थकबाकी कोणत्या तारखेपासून आली ते स्पर्शवरच्या स्लिपमध्ये तपासा. मग माजी सैनिक ओळखपत्र, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड आणि कॅन्टीन कार्ड याच क्रमानं दुरुस्त करून घ्या. पुढच्या दोन ठिकाणी हा पीपीओ आणि नवीन ओळखपत्र दोन्ही दाखवता आलं की काम अडत नाही.