दुकानदाराने विंडोज बदललं? मूळचं परत आणा

दुरुस्तीहून आलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोजच्या होम आवृत्तीऐवजी क्रॅक केलेली (लायसन्स चुकवून चालवलेली) प्रो आवृत्ती दिसली, तर नवं लायसन्स घ्यायची घाई नको. विंडोज ८ पासून (२०१२) कंपनीने विंडोज घालूनच विकलेल्या बहुतेक लॅपटॉपांची ‘की’ (लायसन्सचा क्रमांक) मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरच्या, चिपमध्ये असते. हार्ड डिस्क पुसली तरी ती जात नाही. आधी फोटो-कागदपत्रं बाहेर काढा. मग दुसऱ्या, भरवशाच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल (विंडोज घालायचा पेनड्राइव्ह बनवणारा प्रोग्राम) घेऊन ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह तयार करा आणि लॅपटॉप त्यावरूनच सुरू करून विंडोज नव्याने घाला. की विचारलीच तर ‘माझ्याकडे की नाही’ म्हणा, आवृत्ती होमच निवडा. लॅपटॉप विंडोज १० किंवा ११ घालून आलेला असेल, तर इंटरनेट जोडल्यावर ॲक्टिव्हेशन (लायसन्सची पडताळणी) आपोआप होतं. मदरबोर्डच बदलला असेल तर मात्र दुकानदाराला गाठा.